शिट्टी न होऊ देणारा माणूस

माझ्या मामाला साधा भात करता येत नाही, यात लिहिण्यासारखं काही नाही. पुष्कळ पुरुषांना येत नाही. ते गप्प बसतात आणि पानात पडेल ते खातात. मामा मात्र भातावर बोलतो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्याने मूठभर तांदूळसुद्धा धुतले नव्हते, पण पाणी किती, आच किती, झाकण किती कलतं ठेवायचं, हे तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून सांगायचा. मामी शेगडीपाशी उभी राहून भात करायची आणि हा मागून तिला भात कसा करतात ते समजावायचा.

मामा पुठ्ठ्याच्या कारखान्यात बॉयलर ऑपरेटर होता. अठ्ठावीस वर्षं, सकाळी सहा ते दुपारी दोन. ओल्या पुठ्ठ्याचे तक्ते वाफेवर वाळवतात, ती वाफ तयार करणाऱ्या चौघांपैकी हा एक. पण लग्नाकार्यात कुणी सहज विचारलं, "आपण काय करता?" तर तो "वाफ" एवढंच म्हणायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचा. समोरचा बिचारा काय बोलणार? "वा" म्हणायचा. मामाला तेवढं पुरायचं.

बॉयलरच्या डोक्यावर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतला दाब वाजवीपेक्षा चढला की तो आपोआप उघडतो, वाफ बाहेर फेकतो आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा किंचाळतो. तो आहे म्हणून बॉयलर फुटत नाही. पण तो उडाला की जळण वाया जातं आणि आच सांभाळणाऱ्याचं लक्ष कुठे होतं, असा प्रश्न येतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मामाच्या पाळीत तो उडाला. मॅनेजर खाली आला आणि गाडी भरणाऱ्या माणसांसमोर त्याने मामाला विचारलं, "झोप झाली का?" दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला. घडलं ते एवढंच. कुणी भाजलं नाही, काही फुटलं नाही. दुसरा एखादा आठवडाभर चिडला असता आणि विसरून गेला असता. मामाने घरी येऊन लग्नात आलेला कुकर माळ्यावर टाकला.

"शिट्टी म्हणजे काय असतं?" तो आम्हा भाचरांना विचारायचा. मग तोच सांगायचा, "शिट्टी म्हणजे कबुली. मला आच सांभाळता येत नाही हो, असं चार घरांना ओरडून सांगायचं. माझ्या घरात हे चालणार नाही."

आम्ही त्याचं नाव 'प्रेशर' ठेवलं होतं. ते त्याला कळलं तेव्हा तो खूश झाला. त्याला चिडवणंसुद्धा वाया जायचं.

तर मामाच्या घरी भात पातेल्यात व्हायचा. अडीचला तो कारखान्यातून यायचा, अंघोळ करायचा आणि पानावर बसायचा. पातेलं समोर, वाफ निघतेय, शीत शीत मोकळं. पहिला घास घेऊन तो मान डोलवायचा. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी मात्र हमखास बिनसायचं. "आज नेहमीसारखा नाही जमला," तो म्हणायचा. "सुट्टी मला असते, तुझ्या हाताला नसते." मामी त्याला ताक वाढायची. मी लहानपणी त्या सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जेवायला जायचे तेव्हा मला वाटायचं, किती सोसते ही बाई!

मी शिकून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला आणि घरगुती उपकरणांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला लागले. मिक्सर, ओव्हन, शेगड्या उघडायच्या, दुरुस्त करायच्या. मामाच्या लेखी हे काम नव्हे, खेळ होता. "स्क्रू ड्रायव्हरवाली आली," असं तो मला दारात म्हणायचा. एकदा मी त्याला सांगितलं, की कुकरची शिट्टी आणि बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांचा काही संबंध नाही. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह झाकणावर वेगळा असतो, छोटासा. शिट्टी हे नुसतं वजन. ते उचललं जाणं हेच त्याचं काम.

"तुमच्या डिप्लोमात असं शिकवतात?" तो म्हणाला.

"आणि मामा, ज्या बॉयलरचा व्हॉल्व्ह सव्वीस वर्षांत एकदाही उडाला नाही, त्याच्याजवळ मी उभी राहणार नाही. तो जाम झाला असेल."

"दर महिन्याला हाताने उचलून बघतो मी."

"मग उडालाच की."

"चाचणी वेगळी," मामा म्हणाला आणि त्याने पेपर उघडला. हरला की तो पेपर उघडतो.

तो निवृत्त झाला आणि मामीच्या घरात खरा कहर सुरू झाला. आता जेवण साडेबाराला, आणि खुर्ची अकरापासून दारात. भात रोज समोर व्हायचा आणि रोज बिघडायचा. कधी कणी राहिली, कधी खाली धरला, कधी पाणी जास्त झालं. मामाने निदान केलं: "मी घरी बसलो आणि तुझा हात गेला. माणूस कमावता होता तोवर बरा भात पडायचा पानात."

सहा महिने मामीने हे ऐकलं.

मामी आठवड्यातून तीन दिवस, दुपारी जेवणं उरकून, एका मोठ्या इस्पितळाच्या कपडेखोलीत जायची. चादरी, गाऊन, पडदे, ऑपरेशनची हिरवी फडकी, फाटलेलं शिवायचं, विरलेलं बाजूला काढायचं. बारा वर्षं ती हे करत होती. तिथली प्रमुख बाई गावी निघाली आणि मेट्रनने मामीला विचारलं. पूर्ण दिवसाची नोकरी, सकाळी सात ते साडेतीन, हाताखाली चौघीजणी, कपाटाच्या किल्ल्या हिच्याकडे. महिनाअखेरीच्या सोमवारी सातला हजर व्हायचं, नाहीतर दुसरीला घेणार. मेट्रनला थांबायला वेळ नव्हता. मामीकडे तीन आठवडे होते.

तिने जेवताना सांगितलं. मी तेव्हा तिथेच होते.

"जा की," मामा म्हणाला. "मी कधी अडवलंय? साडेबाराला पानात गरम भात पडला पाहिजे, एवढंच आहे."

"मी सहाला करून ठेवीन."

"सकाळचा भात दुपारी? मी काय धर्मशाळेत राहतो?"

"मग तू लाव ना," मी म्हणाले. "वाफेतला माणूस तू."

"मला काय येत नाही? पण साधन धड पाहिजे. पातेल्याशी अर्धा तास उभं राहणं हे काय ऑपरेटरचं काम आहे?"

म्हणजे ते मामीचं काम. हे त्याला म्हणावंही लागत नव्हतं इतकं त्याने ते गृहीत धरलं होतं.

जिन्यात मी मामीला म्हणाले, "तू सरळ जा गं. विचारतेस कशाला? दादापण फोनवर तेच म्हणाला ना?" दादा म्हणजे तिचा मुलगा. तो परगावी असतो आणि सल्ले बरे देतो.

"जाईन," मामी म्हणाली. "पण रोज साडेतीनला दमून येऊन झोपेपर्यंत भाताचं ऐकायचं म्हणजे दुसरी नोकरीच झाली. त्यांच्या तोंडून एकदा सुटू दे, की जमतंय. मग मी मोकळी."

मग मी साधनं आणायला लागले. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवायचे नमुने असतात, ते आठवडाभर नेता येतात. पहिला नेला विजेचा भातकुकर. यात चूक करायला जागाच नाही, असं मी ग्राहकांना रोज सांगते. तांदूळ घाला, पाणी घाला, बटण दाबा. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. पाणी भातात मुरलं की बूड तापतं, खालचा चुंबक सुटतो आणि खटका आपोआप वर येतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची युक्ती आहे ही, आणि अजून तिला कुणी सुधारू शकलेलं नाही. मामाला मी हे समजावलं तेव्हा तो दारावरच्या भिकाऱ्याचं ऐकावं तसा ऐकत होता.

"पाण्याची पातळी कुठे दिसते?" त्याने विचारलं.

"दिसत नाही. बघायची गरज नाही."

"गेज ग्लास नसलेलं भांडं मी चालवणार नाही. आतलं पाणी न बघता आच द्यायची? यालाच स्फोट म्हणतात."

"मामा, ते साडेतीनशे ग्रॅम तांदूळ आहेत."

पण तो ऑपरेटर होता. त्याने बटण दाबलं, समोर स्टूल घेतलं आणि दर दोन मिनिटांनी झाकण उचलून आत बघितलं. जुन्या वहीत वेळ लिहिली, पातळी लिहिली, सही केली. सही! स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या भातावर. दर वेळी वाफ त्याच्या चष्म्यावर जायची आणि मग तो चष्मा पुसून परत झाकण उचलायचा, कारण पहिल्यांदा काही दिसलेलंच नसायचं. इतकी वाफ बाहेर गेली की पाणी लवकर आटलं, खटका वेळेआधीच वर आला आणि वरचा भात टणक राहिला.

"यंत्र खोटं आहे," मामाने लिहिलं. खाली सही.

"झाकण उघडू नकोस, एवढंच करायचं होतं," मी म्हणाले.

"बॉयलरवर पाठ फिरवून बसणाऱ्याला काय म्हणतात माहीत आहे? माजी ऑपरेटर."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मामीने झाकणावर वरवंटा ठेवला. मामाने तो उचलून खाली ठेवला आणि झाकण उघडलं.

मग मायक्रोवेव्ह. काचेचा खोल वाडगा, दुप्पट पाणी, आधी पूर्ण जोरावर, मग निम्म्यावर. काचेतून सगळं दिसतं, म्हटलं आता तरी हा माणूस उठणार नाही. तो उठला नाही. त्याने खाली वाकून, बाजूने, मागून बघितलं.

"आच कुठाय?"

"आच नसते. आतलं पाणीच तापतं."

"कशाने?"

मी सांगितलं. लहरी असतात, पाण्याचे कण हलतात, वगैरे. त्याने मामीकडे असं बघितलं, जणू माझ्या लग्नाची काळजी आता सगळ्यांनी मिळून करायला हवी.

"जिथे जाळ नाही तिथे मी ऑपरेटर नाही," तो म्हणाला, पण बटण त्यानेच दाबलं. वाडगा मी सांगितला तेवढा खोल घेतला नव्हता, जवळ होता तो घेतला. सात मिनिटांनी फेस वर आला, काठावरून उतरला आणि फिरत्या तबकडीभर पांढरा चिखल झाला. दार उघडायचं सोडून मामा मागे सरकला आणि मोठ्यांदा म्हणाला, "सगळे बाहेर व्हा!" स्वयंपाकघरात तो, मी आणि मामी. मामी हातात फडकं घेऊन पुढे आली, तिने बटण बंद केलं आणि तबकडी पुसायला काढली. अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला पेजेच्या फेसाने दारापर्यंत मागे नेलं होतं. मी हसले. मला हसताना बघून तो म्हणाला, "हसा. उद्या तुमचं सेंटर उडेल तेव्हा हसा."

दोन आठवडे गेले होते. मामीने मेट्रनला अजून हो म्हटलं नव्हतं. घरी कपाटातून तिची एक निळी साडी बाहेर आली होती, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली. कपडेखोलीत प्रमुखाला निळी लागते. मामा रोज त्या खुर्चीवर टेकून पेपर वाचायचा आणि साडी चुरगळायची. ती परत इस्त्री करायची.

शेवटी मीच म्हणाले, माळ्यावरचा कुकर काढू. मामाने इतक्या सहज हो म्हटलं की मला संशय यायला हवा होता. त्याच्या मनात एक गोष्ट होती: तो कुकर चालवणार, पण शिट्टी होऊ देणार नाही. सगळ्या जगातल्या बायका जे करू शकल्या नाहीत ते तो करून दाखवणार.

माळ्यावरून मी कुकर काढला. सव्वीस वर्षं धूळ खात पडलेल्या वस्तूच्या मानाने तो फारच चकचकीत होता. मी मामीकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

मामाने कुकर लावला. शिट्टी जरा हलायला लागली, सूं सूं झालं की तो आच बारीक करायचा. आवाज थांबला की मोठी करायचा. आणि हे पुरेसं नाही म्हणून दर दोन मिनिटांनी सांडशीने शिट्टी थोडी उचलून आतला दाब सोडून द्यायचा. "दाब हातात ठेवायचा," तो मला शिकवत होता. म्हणजे कुकर जी शिट्टी स्वतः मारतो तीच हा हाताने मारत होता, फक्त तोंड दाबून. दर वेळी भोकातून पेज उडायची. ओटा, भिंत, मामाचा शर्ट, सगळ्यावर पांढरे ठिपके. तासाभराने झाकण उघडलं तेव्हा भात खाली करपला होता आणि वर कच्चा होता. एकाच भांड्यात दोन्ही! मी अनेक बिघाड बघते, पण हा मी पहिल्यांदाच बघितला.

"कुकरच निकामी," मामा म्हणाला. मग मामीकडे वळला. "हे बघ, प्रयत्न मी सगळे केले. साधनच नाही त्याला कोण काय करणार? तू त्या मेट्रनला सांगून टाक."

मामीने करपलेला भात भांड्यातून खरवडला. किती तरी वेळ ती खरवडत होती. मग म्हणाली, "रविवारपर्यंत थांबा."

रविवारी मी गेले तेव्हा मामा घरी होता. साडेअकराला मामी म्हणाली, "अहो, केस किती वाढलेत! सोमवारी लोक येतील भेटायला, कापून या ना."

"कोण येतंय?"

"कुणीही येईल. जा."

न्हाव्याकडे रविवारी गर्दी असते. तास कुठे गेला नव्हता. मामा खाली उतरला, त्याच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला, आणि मामीने ओट्याखालच्या कपाटातून कुकर काढला. पुढचं मी फक्त बघत राहिले. तांदूळ धुतले, पाणी बोटाच्या पेराने मोजलं, झाकण लावलं, रिंगवर ओला अंगठा फिरवला, आच मोठी केली. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. ती मधल्या वेळात भाजी चिरत होती, मान वर न करता. चौथ्या शिट्टीला हात गेला आणि आच बंद. दाब उतरेपर्यंत पातेलं गरम पाण्याने विसळून ठेवलं. झाकण निघालं तसा सगळा भात डावाने हलकेच पातेल्यात उतरवला, वर झाकण कलतं ठेवलं. कुकर घासला, पुसला, फडक्याने कोरडा केला आणि कपाटात मागे, डब्यांच्या आड. खिडकी उघडली. सगळं मिळून अर्धा तास. असं काम हाताला रोजच्या सवयीशिवाय येत नाही, हे मला कळतं. मी कारागिरांमध्ये काम करते.

"मामी," मी म्हणाले, "कधीपासून?"

"ते येऊ देत."

मामा आला. मानेवर पावडर, कानामागे केसांचे तुकडे. अंघोळ करून पानावर बसला. पातेलं समोर आलं. पहिला घास घेतला आणि त्याची मान डोलली. सहा महिन्यांत मी ती डोललेली बघितली नव्हती.

"हा!" तो म्हणाला. "हा बघ. याला भात म्हणतात. शीत न् शीत सुटं. हा हात कुठे गेला होता सहा महिने?" माझ्याकडे वळून: "शीक जरा. तुझ्या डब्यांमध्ये होतं का हे? पातेलं, आच आणि लक्ष. बस्स."

मामीने त्याला दुसऱ्यांदा वाढलं. मग समोर बसली.

"कुकरचा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"भात. कुकरचा आहे. चार शिट्ट्या. तुम्ही न्हाव्याकडे होता तेव्हा लावला."

मामा हसला. "काहीतरीच."

"आणि आजचाच नाही. तुमचा तो मेमो आला ना, त्यानंतर मी तीन महिने पातेल्यात केला. बाळ कडेवर, एक हात पातेल्याला. मग कुकर काढला खाली. तुम्ही अडीचला यायचात, मी पावणेदोनला लावायचे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी, म्हणून पातेल्यात. तो तुम्हाला कधी आवडला नाही."

"खोटं बोलतेस."

"तुमच्या मुलाला माहीत आहे. खालच्या दुकानदाराला माहीत आहे, तो शिट्टी ऐकून म्हणायचा, वहिनी, साहेब निघाले का कारखान्यातून? निवृत्त झालात तेव्हा कुकर परत माळ्यावर टाकला, तेव्हापासून रोज पातेल्यात करते. तुमच्यासमोर कुठे लावू?"

मामाने हात पानात तसाच ठेवला होता. मला वाटलं आता ओरडेल, पेपर उघडेल, काहीतरी म्हणेल. तो उठला, खरकट्या हाताने कपाट उघडलं आणि डबे सरकवून कुकर बाहेर काढला. शिट्टी उपटली आणि ती खिडकीपाशी, उजेडात धरली. बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता, धातूवर होता. शिट्टीच्या आत, जिथे ती नळीच्या टोकावर बसते, तिथे गोल, गुळगुळीत खोबण पडली होती. नवीन शिट्टीला तिथे धारदार कड असते. ती कड जायला किती वेळा वाफेने ते वजन उचललं असेल, किती हजार वेळा, याचा हिशोब त्या खोलीत फक्त मामाला येत होता. तो खोबणीवर नख फिरवत राहिला.

"सीट गेलीय," तो म्हणाला. "पूर्ण गेलीय."

"रिंगा नऊ बदलल्या," मामी म्हणाली. "शिट्टी तीच आहे."

मला सांगायला आवडलं असतं, की मामाला तेव्हा लाज वाटली. तसं मला काही दिसलं नाही. तो एवढंच पुटपुटला, "माझ्या घरात रोज व्हॉल्व्ह उडत होता," आणि पुन्हा पानावर बसला. भात संपवला त्याने. सगळा. दुसऱ्या वेळचाही.

"उद्या सातला जाते," मामी म्हणाली. "तांदूळ निवडून ठेवीन. दोन वाट्या तांदूळ, चार शिट्ट्या. नाही जमलं तर कच्चा खा."

सोमवारी ती निळ्या साडीत गेली. हे मला नंतर कळलं, कारण मी कामावर होते. कळलं ते असं, की साडेबाराला मामाने तिला इस्पितळात फोन लावला. कुकर शेगडीवर होता. पण शिट्टी व्हायला लागली की त्याचा हात आपोआप बटणाकडे जायचा, म्हणून त्याने फोन कुकरसमोर धरला आणि स्वतः तोंड दुसरीकडे केलं. शिट्ट्या मामीने मोजल्या. चौघीजणींसमोर, कपडेखोलीत, कानाला फोन लावून: "एक... दोन... तीन... चार. बंद करा." मंगळवारीही तेच. बुधवारीही. चौघींपैकी एक म्हणाली म्हणे, "बाई, तुमच्याकडे फारच कडक ड्युटी आहे."

म्हणजे नोकरी मिळाली, किल्ल्या मिळाल्या, आणि मामाचा भात मामीच करत होती. फक्त पाच किलोमीटरवरून. मला त्याचा इतका राग आला की गुरुवारी माझी सुट्टी होती, ती मी त्याच्याकडे घालवली.

सव्वाबाराला त्याने कुकर लावला. पाणी बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. मग फोन लावला.

"हं," पलीकडून मामी. तिच्या मागे कुणीतरी कपड्यांची गाडी ओढत होतं, चाकं करकरत होती.

"लावलाय," मामा म्हणाला आणि फोन कुकरसमोर धरला. हात लांब, मान खिडकीकडे. लहान मूल सुई टोचून घेताना जसं बघतं तसा. कुकर सूं सूं करायला लागला. पहिली शिट्टी झाली. त्याचे खांदे वर गेले.

"एक," फोनमधून आवाज आला. आणि लगेच, दुसऱ्या कुणाला तरी, "त्या नाही, त्या रक्ताच्या डागाच्या वेगळ्या काढा. वेगळ्या." मग परत इकडे: "अहो, मला चाळीस चादरी मोजून द्यायच्यात वॉर्डात. तुम्हीच मोजा."

"अगं, पण..."

"ठेवते."

फोन बंद झाला. मामा तो बंद फोन कुकरसमोर धरून उभा होता. दुसरी शिट्टी झाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी शेगडीपासून दोन पावलं मागे गेले आणि हात पाठीमागे बांधले. मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

"दोन," तो म्हणाला, फारच हळू.

तिसरी व्हायला वेळ लागला. त्याचा हात बटणावर होता, बोटं पांढरी. सूं सूं वाढत गेलं आणि मी बघत होते, की आता फिरवेल, आता फिरवेल. शिट्टी झाली. लांबलचक, खालच्या दुकानापर्यंत गेलेली.

"तीन."

चौथी झाली तेव्हा तो बटण फिरवायचं विसरला. तो नुसता त्या आवाजाकडे बघत उभा राहिला, मॅनेजर जिन्यावरून खाली येतोय असं वाटत असल्यासारखा. पाचवी झाली. मग त्याने घाईघाईने आच बंद केली.

भात मऊ झाला होता, थोडा गिचका. मामाने स्वतः वाढून घेतला आणि एक घास खाल्ला.

"एक शिट्टी जास्त झाली," तो म्हणाला.

"कुणाच्या पाळीत?" मी विचारलं.

पेपर शेजारी पडला होता, पण त्याने तो उघडला नाही. खाली मान घालून तो भात खात राहिला आणि मी माझं ताट घ्यायला उठले.